पायी चालणाऱ्यांचे गणित

सडक बांधली जाते आणि रस्ता आखला जातो. पायवाट मात्र पडते. ती पाडण्यासाठी नकाशा लागत नाही, ठराव लागत नाही, की कंत्राटदारही लागत नाही. शाळेच्या पटांगणातून कोपरा तोडून तिरकस गेलेली, किंवा मोकळ्या मैदानातून बाजाराकडे वळलेली मातीची ती रेघ पुष्कळांच्या परिचयाची असते. एखाद्याने तिच्यावर काटेरी कुंपण घातले, तर आठ-पंधरा दिवसांत कुंपणाला खिंडार पडते आणि वाट पूर्ववत् वाहू लागते. हजारो पावलांनी न बोलता दिलेला हा कौल असतो. तो कौल वाचावयाचा कसा, मोजावयाचा कसा, आणि शहराची रचना करताना त्याला मान द्यावयाचा कसा, या प्रश्नांभोवती गेल्या पन्नास-साठ वर्षांत एक शास्त्र उभे राहिले आहे. पायी चालणाऱ्या माणसाच्या हालचालीचा अभ्यास, हाच त्याचा विषय.

प्रथमदर्शनी हा विषय काहीसा पोरकट वाटण्याचा संभव आहे. चालणे कोणाला येत नाही? वर्षाचे मूल ते शिकते. परंतु सर्वांना येते म्हणूनच त्याकडे दीर्घकाळ कोणाचे लक्ष गेले नाही. रस्त्याच्या रुंदीचा विचार करणारा अभियंता नाक्यावर माणसे बसवून मोटारी, बैलगाड्या, सायकली यांची मोजदाद करीत आला. त्यांच्यामधून वाट काढणारा माणूस त्याच्या वहीत क्वचितच उतरला. जो वहीत नाही, त्याच्यासाठी रस्त्यावर जागा ठेवण्याचे कारण कोणास सुचणार? या उपेक्षेचे मोल लहान नाही. सन २०११ च्या जनगणनेत शेती व गृहोद्योग सोडून अन्य कामे करणाऱ्यांना कामावर कसे जाता, असे विचारले होते. त्यांपैकी शेकडा बावीसहून अधिक लोक पायी जातात, असे त्यात आढळले. उलटपक्षी, सन २०२२ मध्ये भारतातील रस्त्यांवर अपघातात मृत्यू पावलेल्या १,६८,४९१ लोकांपैकी ३२,८२५ लोक पादचारी होते. म्हणजे जवळजवळ पाचांतील एक. ज्याच्याकडून कोणालाही इजा पोहोचत नाही, जो धूर सोडीत नाही आणि इंधन जाळीत नाही, त्याच्या वाट्याला हे यावे, यात न्याय नाही आणि व्यवहारही नाही.

हा विषय समजून घेण्यास मुंबई-पुण्याकडेच पाहिले पाहिजे, असे नाही. मराठवाड्यातील हिंगोली जिल्हा हे त्याचे एक उत्तम क्षेत्र आहे. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झालेला हा जिल्हा लहान आणि बव्हंशी ग्रामीण आहे. हिंगोली हे त्याचे मुख्य ठाणे. एके काळी निजामाच्या हैदराबाद कंटिन्जंट फौजेची येथे छावणी होती. सन २०११ च्या जनगणनेप्रमाणे शहराची वस्ती सुमारे ८५ हजार होती. परंतु पायी चालण्याची परंपरा या भूमीत फार जुनी आहे. कयाधू नदीच्या काठचे नर्सी हे संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून मानले जाते. आषाढी वारीनंतर येणाऱ्या वद्य एकादशीस, म्हणजे परतवारीस, तेथे मोठी यात्रा भरते. शेगावहून पंढरपुरास जाणारी श्रीगजानन महाराजांची पालखी सेनगाव, नर्सी, औंढा नागनाथ असा मुक्काम करीत याच जिल्ह्यातून पुढे परभणीकडे उतरते.

ज्यांनी दिंडी चालताना पाहिली आहे, त्यांना या शास्त्राचा पहिला धडा आधीच मिळालेला आहे. पुढे पताकाधारी, त्यांच्यामागे ओळीने टाळकरी, मध्ये मृदंग, मागे वीणा, नंतर डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या स्त्रिया, असा तो क्रम. दोन दिंड्यांमध्ये अंतर ठेवलेले असते. पावले अभंगाच्या ठेक्यावर पडतात. त्यामुळे तरणा घाईने पुढे जात नाही आणि म्हातारा मागे राहत नाही. चोपदाराने दंड उंचावला की क्षणात सारे स्तब्ध होतात. मोठ्या समुदायास सुरक्षितपणे हलविण्यासाठी जे जे लागते, ते सर्व येथे आहे : समान गती, ठरलेले अंतर, एकच दिशा आणि सर्वांना समजणारी खूण. पुस्तकावाचून, केवळ पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवाने वारकऱ्यांनी हे साधले.

आता शास्त्रज्ञ काय मोजतात ते पाहण्यासारखे आहे. त्यांच्या हिशेबात तीनच मुख्य राशी असतात. पहिली गती, दुसरी दाटी आणि तिसरी ओघ. सपाट व मोकळ्या वाटेवर प्रौढ माणूस सेकंदाला सरासरी १.३ मीटर चालतो. म्हणजे मिनिटाला सुमारे ७८ मीटर आणि एक किलोमीटरास तेरा मिनिटे. दाटी म्हणजे एका चौरस मीटर जागेत उभी असलेली माणसे. आणि वाटेच्या एक मीटर रुंदीतून सेकंदाला जितकी माणसे पार होतात, तो ओघ. झुरिच येथील उलरिख वाइडमान यांनी सन १९९३ मध्ये अनेक देशांतील मोजमापे एकत्र करून या तिन्हींचा संबंध दाखविला. तो साधा पण विलक्षण आहे. चौरस मीटरात अर्धे माणूस, म्हणजे दोन चौरस मीटरांत एक माणूस असेल, तोवर चालण्यास फारशी अडचण येत नाही. दाटी दोन माणसांवर गेली की गती निम्म्याहून खाली येते. तथापि याच सुमारास ओघ सर्वांत मोठा असतो, सेकंदाला सुमारे सव्वा माणूस. दाटी चारांवर गेली की ओघ पुन्हा निम्मा होतो. म्हणजे मागून जितके अधिक रेटावे, तितके पुढे कमी सरकते. रेटणाऱ्याला वाटते, आपण रांग हलवीत आहोत. प्रत्यक्षात तो ती थोपवून धरीत असतो.

या आकड्यांचा उपयोग काय, हे हिंगोलीच्याच एका उत्सवावरून ध्यानात येईल. येथील गड्डेपीर गल्लीतील विघ्नहर्ता चिंतामणी गणपती ‘मोदकाचा गणपती’ म्हणून सर्वदूर प्रसिद्ध आहे. अनंत चतुर्दशीच्या दिवशी नवसाचा मोदक घेण्यासाठी व फेडण्यासाठी येथे दूरदूरच्या प्रांतांतून भाविक येतात आणि त्यांची संख्या लाखांत मोजली जाते. आता हिशेब करावा. एक लाख माणसे एकेरी रांगेत, प्रत्येकी अर्धा मीटर जागा धरून उभी राहिली, तर ती रांग पन्नास किलोमीटर लांब होईल. चौघे-चौघे उभे राहिले, तरी साडेबारा किलोमीटर. दर माणशी दर्शनास एकच सेकंद दिला, तरी एका रांगेस सुमारे अठ्ठावीस तास लागतील. दोन सेकंद दिले तर पंचावन्न तासांहून अधिक. चतुर्दशीचा दिवस तर चोवीसच तासांचा. यावरून असे सिद्ध होते की, रांगा अनेक असल्या पाहिजेत, दर्शन आदल्या रात्रीपासून सुरू झाले पाहिजे, आणि येण्याची व जाण्याची वाट निराळी असली पाहिजे. कार्यकर्त्यांचा उत्साह आणि पोलिसांची दक्षता यांचे मोल मोठेच आहे. परंतु भागाकार चुकला असेल, तर ती दोन्ही अपुरी पडतात.

दुसरा शोध अधिक मनोरंजक आहे. समोरासमोर येणारी गर्दी एकमेकींवर आदळून थांबत नाही. तिच्यात आपोआप पाट पडतात. ज्याला पुढे जावयाचे आहे, तो त्याच दिशेने चाललेल्या कोणाच्या तरी पाठीमागे लागतो. त्याच्यामागे तिसरा येतो. आणि पाहता पाहता जाणाऱ्यांच्या व येणाऱ्यांच्या ओळी विणल्या जातात. कोणी हुकूम दिलेला नसतो. डर्क हेल्बिंग आणि पेटर मोल्नार या दोघांनी सन १९९५ मध्ये यासाठी एक गणिती मांडणी केली. प्रत्येक माणसास त्याचे ध्येय पुढे ओढते आणि इतर माणसे व भिंती त्यास दूर लोटतात, एवढेच गृहीत धरले तरी गणकयंत्रावर हे पाट उमटतात, असे त्यांनी दाखवून दिले. मात्र या स्वयंभू शिस्तीला मर्यादा आहे. अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेतील कारोल बाचिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी सन २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, चालणाऱ्यांच्या दिशांतील फाटा सुमारे तेरा अंशांपेक्षा वाढला, की पाट मोडतात आणि अंदाधुंदी सुरू होते. तेरा अंश म्हणजे अगदी थोडा कल. ज्या चौकात चहूकडून माणसे येतात आणि प्रत्येकाची वाट दुसऱ्याच्या वाटेस तिरकी छेदते, तेथे गोंधळ का माजतो, याचे उत्तर यात आहे. दसऱ्याच्या प्रदर्शनासाठी हिंगोलीच्या रामलीला मैदानावर लोटणाऱ्या गर्दीला, किंवा कोणत्याही जत्रेच्या आवाराला, हा नियम सारखाच लागू पडतो. दुकानांच्या रांगा अशा मांडाव्यात की, लोकांचे प्रवाह समांतर वाहतील. आडवे छेद थोडे राहतील.

तिसरी गोष्ट कुटुंबाची. गर्दीतला माणूस एकटा असतो, हा समज खोटा आहे. मेहदी मुसाईद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सन २०१० मध्ये फ्रान्समधील रस्त्यांवर पाहणी केली, तेव्हा चालणाऱ्यांपैकी शेकडा सत्तरपर्यंत लोक कोणाच्या ना कोणाच्या सोबतीने चाललेले आढळले. मोकळी जागा असली की ते बरोबरीने चालतात. दाटी वाढली की मधला माणूस किंचित मागे पडतो आणि ओळीला बाक येतो, कारण त्यांना एकमेकांशी बोलावयाचे असते. ज्या देशात आजी, सून, कडेवरचे मूल आणि बोट धरलेले मूल अशी मंडळी मिळून बाजारास निघतात, तेथे एकट्या माणसाच्या मापाने बेतलेला पदपथ तोकडाच पडणार. शिवाय देशोदेशीची मापेही भिन्न असतात. सन २००९ मध्ये भारतीय व जर्मन विद्यार्थ्यांस एकेरी ओळीत चालवून एक प्रयोग झाला. त्यात भारतीयांना स्वतःभोवती कमी मोकळी जागा पुरते, आणि दाटी वाढली तरी त्यांची गती जर्मनांइतकी घसरत नाही, असे दिसले. हा गुण म्हणावा तर त्यात धोकाही आहे. ज्यांना दाटीची सवय आहे, त्यांना ती जीवघेणी होईपर्यंत तिची भीती वाटत नाही.

आणि ती जीवघेणी होते, याची साक्ष महाराष्ट्राने दिली आहे. २५ जानेवारी २००५ रोजी, शाकंभरी पौर्णिमेस, सातारा जिल्ह्यातील मांढरदेवी येथे काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन सुमारे तीनशे माणसे गेली. डोंगरावरील अरुंद वाट, दोहों बाजूंस दुकाने, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, आणि नंतर दुकानांस लागलेली आग, असे सारे एकत्र आले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर, पावसामुळे जिन्यात खोळंबलेल्या गर्दीत २३ जण दगावले. लष्कराने तेथे नवा पूल बांधला आणि तो सन २०१८ मध्ये खुला झाला. म्हणजे उपाय अशक्य नव्हता, तो उशिरा सुचला. अशा प्रसंगी ‘लोक घाबरले आणि सैरावैरा धावले’ असे सांगण्याची रीत आहे. अभ्यासकांचे म्हणणे निराळे आहे. चौरस मीटरात सहा-सात माणसे झाली की कोणालाच धावता येत नाही. शरीरे एकमेकांना इतकी भिडतात की धक्का पाण्याच्या लाटेप्रमाणे गर्दीतून पसरतो आणि माणसाचे पाय त्याच्या स्वाधीन राहत नाहीत. पुष्कळांचा मृत्यू तुडविला जाऊन होत नाही. उभ्या उभ्या श्वास कोंडून होतो. सन २००६ मध्ये मक्केजवळील जमरात पुलापाशी घडलेल्या दुर्घटनेची चित्रफीत तपासून हेल्बिंग प्रभृतींनी हे दाखविले. त्यानंतर तेथे अनेक मजल्यांचा नवा पूल बांधण्यात आला आणि यात्रेकरूंची ये-जा एकमार्गी करण्यात आली.

औंढा नागनाथाचे देवालय या दृष्टीने लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून मानल्या गेलेल्या या मंदिराचे गर्भगृह जमिनीच्या खाली आहे. अरुंद वाटेने खाली उतरून दर्शन घ्यावे लागते. प्राचीन शिल्पकारांनी ती रचना एकाग्रतेसाठी योजिली असावी; महाशिवरात्रीस किंवा श्रावणी सोमवारी लोटणारा समुदाय त्यांच्या समोर नव्हता. प्राचीन वास्तू रुंद करता येत नाही आणि करूही नये. मग हाती काय उरते? आत जाणाऱ्यांचा ओघ बाहेरच्या आवारातच आवरणे, ही एकच गोष्ट. बाटलीतून पाणी किती पडावे, हे तिच्या गळ्यावर अवलंबून असते; वरून अधिक ओतल्याने केवळ सांडते. ज्या वाटेचे तोंड अरुंद आहे, तेथील सारी सुरक्षितता त्या तोंडापासून शंभर-दोनशे पावले अलीकडे ठरते.

यात्रेचे दिवस वर्षातून थोडे. उरलेल्या दिवसांचे काय? शहराचे खरे भवितव्य रोजच्या चालण्यात आहे. मिनिटाला ७८ मीटर या गतीने वीस मिनिटांत दीड किलोमीटर अंतर कापता येते. हिंगोली, वसमत, कळमनुरी यांसारख्या गावांत शाळा, बाजार, दवाखाना व कचेरी बहुधा एवढ्या टप्प्यात येतात. मोठ्या शहरांना जे अपार खर्चाने परत मिळवावे लागते, ते या गावांच्या हाती आजही आहे. धोका हा की, चालणे कष्टाचे झाले म्हणून माणूस दुचाकी घेतो. दुचाक्या वाढल्या म्हणून रस्ता अधिक कष्टाचा होतो. आणि मग उरलेलेही चालणे सोडतात. या चक्रात अखेर पायी राहतात ते ज्यांना दुसरा उपाय नाही असे : शाळकरी मुले, वृद्ध, मजूर, आणि डोक्यावर पाटी घेतलेली भाजीवाली.

या चक्रास उलट फिरविण्याचा आरंभ मोजणीने होतो, आणि मोजणीस फारसे भांडवल लागत नाही. शाळेतील वरच्या वर्गाची चार मुले, एक घड्याळ आणि एक वही पुरे. सकाळी, दुपारी व सायंकाळी ठरावीक पंधरा मिनिटे नाक्यावर उभे राहून, कोण कोणीकडे गेले, किती स्त्रिया, किती मुले, किती काठी टेकणारे, हे लिहावे. मग नकाशावर त्यांच्या वाटा काढाव्यात. अमेरिकेत विल्यम व्हाइट यांनी न्यूयॉर्कच्या चौकांवर कॅमेरे रोखून हेच केले आणि सन १९८० मध्ये आपले निष्कर्ष पुस्तकरूपाने मांडले. माणसे बोलण्यासाठी बाजूला सरत नाहीत; ऐन वर्दळीत, कोपऱ्यावरच थांबतात, असे त्यांना दिसले. मराठी गावातील कोणत्याही चौकात हेच दिसेल. त्याबद्दल लोकांस दोष देण्यापेक्षा कोपरे रुंद करणे शहाणपणाचे. व्हाइट यांच्या काळातील चित्रफितींची तीस वर्षांनंतरच्या चित्रफितींशी तुलना केली असता, तीन अमेरिकन शहरांत चालण्याची गती शेकडा पंधराने वाढली आणि रेंगाळणे घटले, असे सन २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. रस्ता हा भेटण्याची जागा न राहता केवळ ओलांडण्याची जागा झाला, की असे होते.

मोजणीतून मागण्या निघतात. बारा मीटर रुंदीचा रस्ता तरुण दहा सेकंदांत ओलांडतो, सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या आजीबाईंना पंधरा सेकंद लागतात. सिग्नल कोणाच्या पायांनी मोजावयाचा, हा प्रश्न गणिताचा आहे तितकाच नीतीचाही आहे. इंडियन रोड्स काँग्रेसने सन २०१२ मध्ये सुधारलेल्या आपल्या नियमावलीत पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंदीची विनाअडथळा जागा सांगितली आहे आणि पदपथाची उंची १५० मिलिमीटरांहून अधिक नसावी, असे म्हटले आहे. विजेचा खांब, दुकानाची पायरी आणि उभी केलेली दुचाकी यांनी ती जागा व्यापली, तर कागदावरचा पदपथ कागदावरच राहतो. याखेरीज मराठवाड्यात आणखी एका गोष्टीची गरज आहे, ती सावलीची. पारा चाळिसांवर चढतो, तेव्हा माणूस जवळची वाट सोडून झाडाखालची लांब वाट धरतो. कडुनिंबाची एक रांग लावणे हे येथे रस्ता रुंद करण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे.

हे स्वप्नरंजन नव्हे. कोपनहेगन शहराने सन १९६२ मध्ये आपला मुख्य बाजाररस्ता वाहनांस बंद केला, तेव्हा व्यापारी बुडतील असे भाकीत झाले होते. बाजार फुलला, आणि यान गेल यांनी तेथील माणसे वर्षानुवर्षे मोजून त्याचा पुरावा ठेवला. पुणे महानगरपालिकेने सन २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केले, जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ बांधले, आणि ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग एक दिवसापुरता चालणाऱ्यांच्या स्वाधीन केला. लहान नगरपालिकांना हे अधिक सोपे आहे. त्यांना थोडे मोडावे लागते आणि पुष्कळसे नुसते राखावे लागते.

औंढ्याच्या देवालयाविषयी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. नामदेव देवासमोर कीर्तनास उभे राहिले असता त्यांना तेथून उठविण्यात आले. ते निमूटपणे देवळाच्या पाठीमागे गेले आणि तेथे कीर्तन करू लागले. तेव्हा सबंध देऊळ फिरले आणि त्याने नामदेवांकडे तोंड केले. श्रद्धावंतांच्या लेखी ही देवाची लीला आहे. नगरे रचणाऱ्यांनी तिच्यातून एक व्यवहाराचा बोध घेण्यास हरकत नाही. दूर सारलेला माणूस ज्या बाजूला उभा असेल, त्या बाजूस वास्तूने वळले पाहिजे. पाषाणाचे देऊळ जर वळले, तर डांबराच्या रस्त्याने आणि सिमेंटच्या पदपथाने पायी चालणाऱ्याकडे तोंड फिरविणे अशक्य का मानावे?